ग्रीक शोकात्मिका : नियती, माणसाची निवड आणि शोकनायक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ग्रीक नाटकांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : त्यांच्याकडे सगळं नियतीच्या हाती, माणूस म्हणजे कळसूत्री बाहुली. कॉलेजात हे वाक्य डोक्यात बसतं आणि मग नाटक हातात घेतलं तरी आपण त्यात तेवढंच शोधत राहतो. मला हे वाक्य पटत नाही. ईडिपस, क्लायटेम्नेस्ट्रा, क्रिऑन ही माणसं रंगमंचावर काय करतात, काय बोलतात हे बारकाईने पाहिलं, तर नियती आणि माणसाची निवड एकाच कृतीत एकत्र नांदताना दिसतात. नाटककारांना त्यातलं काहीच सोडायचं नव्हतं. म्हणून खालची उत्तरं शक्य तिथे थेट नाटकांतल्या प्रसंगांवरून दिली आहेत.

ग्रीक शोकात्मिका म्हणजे नेमकी कोणती नाटकं?

मुख्यतः इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये रचली गेलेली. दरवर्षी वसंत ऋतूत डायोनायसस देवाचा मोठा उत्सव व्हायचा आणि त्यात नाटकांची स्पर्धा असायची. तीन नाटककार निवडले जात. प्रत्येकाने तीन शोकात्मिका आणि एक साटिर नाटक, म्हणजे अर्धपशू साटिरांचा कोरस (गाणारा-नाचणारा समूह) असलेला हलकाफुलका खेळ, सादर करायचा. प्रयोग ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरच्या नाट्यगृहात दिवसाउजेडी व्हायचे. कोरसचा खर्च एखाद्या धनवान नागरिकाच्या गळ्यात पडायचा आणि परीक्षक चिठ्ठ्या टाकून ठरायचे.

त्या शतकात अशी शेकडो नाटकं झाली. आज पूर्ण स्वरूपात उरलेली शोकात्मिकाकारांची नाटकं फक्त तिघांची आहेत : एस्किलसच्या नावावर ७, सोफोक्लिसची ७ आणि युरिपिडिसच्या नावावर १९, त्यात एक साटिर नाटक. एकट्या सोफोक्लिसने सुमारे १२० नाटकं लिहिली होती. त्यामुळे "ग्रीक नाटक असंच असतं" असं कोणी ठामपणे म्हणालं, तर हाताशी किती थोडा ऐवज आहे याची आठवण ठेवावी.

ग्रीकांचा नियतीवर विश्वास होता, हे तरी खरं ना?

हो, खरं आहे. प्रत्येकाच्या वाट्याला आयुष्याचा एक हिस्सा येतो आणि मरण कोणाला चुकत नाही, ही समजूत होमरपासून चालत आली होती. डेल्फीच्या देवळात अपोलो देवाचा कौल घ्यायला राजेही जात आणि सामान्य माणसंही जात. पण "सगळं आधीच ठरलंय, तेव्हा मी काय केलं याला अर्थ नाही" असा निष्कर्ष या नाटकांतली शहाणी माणसं काढत नाहीत.

उपलब्ध नाटकांतलं सर्वांत जुनं नाटक घ्या : एस्किलसचं 'पर्शियन्स', इ. स. पू. ४७२. एस्किलस स्वतः मॅरेथॉनच्या लढाईत पर्शियनांशी लढला होता आणि इथे त्याने त्याच शत्रूचं दुःख रंगमंचावर आणलं. पर्शियाचा झर्क्सिस समुद्रावर पूल बांधून ग्रीसवर चालून गेला आणि सैन्य गमावून बसला. त्याच्या मेलेल्या बापाचं, दरायसचं भूत वर येतं आणि म्हणतं की हे भाकीत होतं खरं, पण देव ते फार उशिरा खरं करतील अशी मला आशा होती. माणूस स्वतःच घाई करतो तेव्हा देवही त्याला हातभार लावतो.

भाकीत होतं, पोराची घाईही होती, आणि दोन्ही मिळून पराभव झाला. पुढच्या जवळजवळ सगळ्या नाटकांत हीच जोडी वेगवेगळ्या रूपांत भेटते.

ईडिपसने काहीही केलं असतं तरी तेच झालं असतं. मग नाटकात उरतं काय?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही सगळ्यांत लांब आहे.

बापाचा खून आणि आईशी लग्न या दोन गोष्टी भाकितात होत्या आणि त्या टळल्या नाहीत, हे मान्य. पण सोफोक्लिसचं नाटक सुरू होतं तेव्हा त्या घडून कितीतरी वर्षं झाली आहेत. ईडिपस थीब्जचा राजा आहे, आधीच्या राजाची विधवा योकास्टा त्याची बायको आहे आणि तिच्यापासून त्याला चार मुलं आहेत. खून आणि लग्न आपण रंगमंचावर पाहतच नाही. आपण पाहतो तो एक तपास, आणि त्या जुन्या भाकितात या तपासाबद्दल अवाक्षर नव्हतं.

तो तपास पायरीपायरीने पाहा. शहरात रोगाची साथ आहे; प्रजा दारात येण्याआधीच ईडिपसने मेव्हण्याला, क्रिऑनला, डेल्फीला धाडलेलं असतं. उत्तर येतं की आधीच्या राजाचा, लायसचा मारेकरी शहरात आहे, त्याला हाकला. ईडिपस भर लोकांसमोर त्या मारेकऱ्याला शाप देतो. आंधळा द्रष्टा टायरेसियस तोंड उघडायला तयार नसतो, "मला घरी जाऊ दे" म्हणतो. ईडिपस त्याला डिवचून बोलतं करतो. टायरेसियस रागाच्या भरात पुढचं सगळं सांगून टाकतो, पण त्याच्या सांगण्याने ईडिपस काही करायला बांधला जात नाही. उलट त्याला ते कारस्थान वाटतं.

मग योकास्टा त्याची समजूत घालायला येते. भाकितं खोटी असतात हे पटवायला ती उदाहरण देते : लायस मुलाच्या हातून मरणार असा कौल होता, पण त्याला तर लुटारूंनी मारलं, तिथे जिथे तीन रस्ते मिळतात. तिच्या लेखी हा बिनमहत्त्वाचा तपशील असतो. ईडिपस मात्र तिथेच अडकतो. ती जागा कोणत्या मुलुखात? किती काळ झाला? लायस दिसायला कसा होता? बरोबर किती माणसं होती? नवऱ्याला धीर द्यायला आलेल्या बायकोच्या तोंडून एकेक पुरावा बाहेर पडत जातो.

कॉरिंथहून आलेला निरोप्या सांगतो की ज्यांना तू आईबाप समजतोस ते तुझे नव्हेत. हाच आपला टाकून दिलेला मुलगा, हे योकास्टाला त्या क्षणी उलगडतं, ईडिपसच्या आधी. ती गयावया करते : जिवाची पर्वा असेल तर पुढे विचारू नकोस. इथे थांबणं शक्य होतं. कोणताही देव त्याला ढकलत नव्हता. शेवटी म्हातारा धनगर म्हणतो, "आता मला भयंकर गोष्ट बोलावी लागणार," आणि ईडिपस उत्तर देतो, "आणि मला ऐकावी लागणार. पण ऐकायलाच हवी."

सत्य कळल्यावर योकास्टा गळफास घेते आणि ईडिपस तिच्याच वस्त्राच्या सोन्याच्या टाचण्यांनी स्वतःचे डोळे फोडतो. कोरस विचारतो, कोणत्या देवाने तुला हे करायला लावलं? तो सांगतो की ही दुःखं अपोलोने घडवली, पण डोळ्यांवर घाव घातला तो माझ्याच हाताने, दुसऱ्या कोणाच्या नव्हे. देवाचा वाटा आणि स्वतःचा वाटा एका दमात मोजणारी ही दोन वाक्यं ज्याने लक्ष देऊन वाचली, तो पुन्हा बाहुलीची उपमा देणार नाही.

बापाला मारशील असा कौल मिळाल्यावर त्याने वाटेत एका वयस्कर माणसावर हात उचललाच का?

हा आक्षेप अगदी नैसर्गिक आहे. पण ईडिपसच्या बाजूने पाहा. त्याच्या लेखी बाप म्हणजे कॉरिंथचा राजा पॉलिबस. मेजवानीत एका झिंगलेल्या माणसाने "तू बापाचा नव्हेसच" म्हणून हिणवलं, तेव्हा तो खरंखोटं करायला डेल्फीला गेला. अपोलोने त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही; त्याऐवजी ते भीषण भाकीत सांगितलं. म्हणून तो कॉरिंथकडे पाठ फिरवून चालू लागला. तिठ्यावर रथातल्या लोकांनी त्याला रस्त्यावरून बाजूला ढकललं, म्हाताऱ्याने जनावरं हाकायच्या पराणीने डोक्यात मारलं, आणि त्याने उलट वार केला. संतापी आहे, यात वाद नाही. पण बापापासून दूर जाण्यासाठीच तो त्या रस्त्यावर होता.

लायसने मूलच होऊ दिलं नसतं तर?

याचं उत्तर कोणत्या नाटककाराला विचारता त्यावर आहे, आणि मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. एस्किलसच्या 'थीब्जविरुद्ध सात' (इ. स. पू. ४६७) मध्ये अपोलो लायसला तीनदा बजावतो : निपुत्रिक मर, तर शहर वाचेल. म्हणजे तो इशारा आहे, मोडता येण्यासारखा. आणि लायसने तो मोडला. युरिपिडिसच्या 'फिनिशियन स्त्रिया'मध्येही अट आहे : मूल झालं तर ते तुला मारील. लायस दारूच्या नशेत आणि वासनेच्या भरात ती विसरतो. सोफोक्लिसने मात्र अटच काढून टाकली. त्याच्या नाटकात कौल सरळ सांगतो की मुलाच्या हातून तुझा मृत्यू आहे. बापाचं पाप दाखवून मुलाच्या दुःखाला कारण चिकटवायची सोय त्याने ठेवली नाही.

तेव्हा 'ग्रीकांची नियती' असा एकच ठोकळा नव्हता. एकाच कथेत नाटककार हवी तिथे मोकळीक ठेवत आणि हवी तिथे फास आवळत.

नायक पडतो तो स्वभावातल्या दोषामुळे ना? 'हमार्शिया' म्हणजे तेच ना?

परीक्षेतलं उत्तर तसंच असतं, पण ॲरिस्टॉटलच्या ग्रंथाला ते धरून नाही. 'काव्यशास्त्र' त्याने इ. स. पू. ३३५च्या सुमारास लिहिलं असावं, म्हणजे सोफोक्लिस आणि युरिपिडिस जाऊन सत्तरेक वर्षं उलटल्यावर. त्याचं म्हणणं असं : पूर्ण सज्जन माणसाची वाताहत पाहून आपल्याला नुसती चीड येते, आणि दुर्जनाची पाहून करुणा वाटत नाही. म्हणून नायक मधला असावा, नावलौकिक असलेला, आणि तो दुष्टपणामुळे नव्हे तर एखाद्या 'हमार्शिया'मुळे कोसळावा. उदाहरण म्हणून तो ईडिपसचंच नाव घेतो.

आता ईडिपसच्या बाबतीत ही हमार्शिया कोणती? रागीटपणा म्हणावा, तर रागीट माणसं जगात पुष्कळ आहेत आणि त्यामुळे कोणाचं आईशी लग्न होत नाही. त्याला घातक ठरलं ते समोरचा माणूस कोण आहे हे माहीत नसणं. अजाणतेपणी झालेली घोडचूक, मराठी समीक्षेत ज्याला प्रमाद म्हणतात, तो अर्थ इथे नीट बसतो. दोष शोधायची खोड आपल्याला लागते कारण दोष सापडला की दुःख पचवायला सोपं जातं : त्याचं चुकलं, म्हणून त्याला भोगावं लागलं. सोफोक्लिसने हे समाधान मुद्दाम दिलेलं नाही.

शिवाय 'काव्यशास्त्रा'त नियतीची चर्चा जवळपास नाहीच. ॲरिस्टॉटलचा भर घटना एकीतून एक अशा पटण्यासारख्या निघाव्यात यावर आहे. कथानकाला तो शोकात्मिकेचा आत्मा म्हणतो.

आणि गर्वाचं घर खाली? 'ह्युब्रिस'चं काय?

अथेन्समध्ये ह्युब्रिस हा कायद्याने गुन्हा होता : दुसऱ्याची विटंबना करणं, त्याला खाली पाडून मजा घेणं. नुसत्या ताठ्याला तो शब्द लागत नसे. झर्क्सिसला तो लागू पडतो, कारण त्याने देवळं लुटली आणि जाळली. प्रत्येक नायकाला लावायला गेलात तर अँटिगनीपाशीच अडचण होईल, कारण ती कोणाची विटंबना करत नाही.

देवाने सांगितलं म्हणून केलं, तर गुन्हा कोणाचा?

यावर एस्किलसने सलग तीन नाटकं रचली. ती तिन्ही आपल्याकडे शिल्लक आहेत हे आपलं भाग्य, कारण अशी पूर्ण त्रयी दुसरी उरलेली नाही. 'ओरेस्टिया', इ. स. पू. ४५८.

ट्रॉयला निघालेलं आरमार औलिस बंदरात अडकलंय. वारा उलटा आहे. ज्योतिषी म्हणतो की आर्टेमिस देवीला सेनापती ॲगमेम्नॉनच्या मुलीचा, इफिजेनियाचा बळी हवा. ॲगमेम्नॉन रडत म्हणतो की न मानणं जड आणि घरचं लेणं असलेल्या पोरीला मारणंही जड. आणि मग कोरस म्हणतो की त्याने गरजेचं जोखड *स्वतःच्या मानेवर चढवलं*. जोखड बाहेरून आलं होतं. मान पुढे केली ती त्याने. त्या क्षणापासून त्याचं मन फिरलं आणि तो काहीही करायला धजावला, असं कोरस सांगतो. मुलीने घराण्याला शाप देऊ नये म्हणून तिचं तोंड बांधायचा हुकूम बाप देतो आणि नोकर तिला करडासारखी वेदीवर उचलून धरतात.

दहा वर्षांनी तो जिंकून परततो. बायको क्लायटेम्नेस्ट्रा त्याला जांभळ्या-तांबड्या उंची वस्त्रांवरून चालत घरात नेते आणि न्हाणीघरात मारते. मग ती म्हणते, हे माझं काम समजू नका. या घराण्याच्या जुन्या सूडपिशाच्चाने माझं रूप घेतलं. कोरसचं उत्तर मला सबंध ग्रीक नाट्यवाङ्मयातलं सर्वांत समतोल उत्तर वाटतं : तू निर्दोष आहेस अशी साक्ष कोण देईल? हां, ते पिशाच्च तुझं साथीदार असू शकेल.

दुसऱ्या नाटकात मुलगा ओरेस्टिस अपोलोच्या आज्ञेने आईला मारायला येतो. आई छाती उघडी करून म्हणते, हे पाजलेलं दूध आठव. त्याचा हात थबकतो. देवाचा स्पष्ट हुकूम असूनही तो मित्राला विचारतो, "पायलाडिस, काय करू?" आत्तापर्यंत अवाक्षर न बोललेला पायलाडिस तीन ओळी बोलतो : मग अपोलोच्या कौलाचं काय? देवांपेक्षा साऱ्या माणसांचं वैर पत्करलेलं बरं. त्यानंतर मायलेकांची शब्दाला शब्द अशी झटापट होते. ती म्हणते, "बाळा, यात नियतीचाही हात होता." तो म्हणतो, "मग हे मरणही नियतीनेच आणलंय." नियतीची सबब तिला वाचवत नाही. आणि त्यालाही नाही, कारण आईच्या रक्ताचा सूड घेणाऱ्या देवता, एरिनी, लगेच त्याच्या मागे लागतात.

तिसऱ्या नाटकात खटला उभा राहतो, अथेन्सच्या अरिओपॅगस टेकडीवर. अपोलो कबूल करतो की मीच सांगितलं होतं. ओरेस्टिसही कबूल करतो की मी मारलं. मतं समसमान पडतात आणि अथेना देवीच्या मताने तो सुटतो. अरिओपॅगस हे खरोखरचं न्यायालय होतं. नाटकाआधी चारच वर्षं, इ. स. पू. ४६२ मध्ये, त्याचे बाकीचे बरेचसे अधिकार काढून घेतले होते आणि खुनाचे खटले तेवढे ठेवले होते. प्रेक्षकांत बसलेल्या नागरिकांना हा वाद पुराणातला वाटण्याचं कारणच नव्हतं.

नकळत घडलं, तर ईडिपस स्वतःला शिक्षा का करतो?

अपराध आणि विटाळ या ग्रीकांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. घरात सुतक येतं तेव्हा कोणाची चूक आहे का, हे आपण विचारत नाही. ते लागतं आणि पाळावं लागतं. रक्ताचा विटाळ तसाच हेतू न पाहता चिकटायचा. अथेन्सचा कायदा मात्र हेतू पाहत असे. ड्रॅकोच्या जुन्या मनुष्यवधाच्या कायद्यात अजाणता झालेल्या वधाची वेगळी तरतूद होती, आणि तो कायदा इ. स. पू. ४०९-४०८ मध्ये पुन्हा दगडावर कोरला गेला. ठरवून केलेला खून, हेतू नसलेला वध आणि क्षम्य वध यांसाठी न्यायालयंही निरनिराळी होती.

सोफोक्लिसने हा धागा अगदी म्हातारपणी पुन्हा हातात घेतला. 'कोलोनसमधला ईडिपस' हे नाटक तो गेल्यावर, इ. स. पू. ४०१ मध्ये, त्याच्या नातवाने रंगमंचावर आणलं. त्यातला आंधळा, भटका ईडिपस आता स्वतःला दोषी मानत नाही. जे घडलं ते मी केलं त्यापेक्षा माझ्यावर गुदरलं जास्त, असं तो म्हणतो. आणि क्रिऑनला बिनतोड सवाल करतो : आत्ता इथे कोणी तुला ठार मारायला धावला, तर तू आधी चौकशी करशील का, की हा माझा बाप तर नव्हे?

'अँटिगनी'त तर कसलंच भाकीत नाही. मग तिथे नियती कुठे आहे?

जवळपास नाहीच, आणि म्हणून हे नाटक या चर्चेत हाताशी ठेवावं. राजा क्रिऑन फर्मान काढतो की देशद्रोही पॉलिनायसिसचं प्रेत पुरायचं नाही. त्याची बहीण, ईडिपसची मुलगी अँटिगनी उघडपणे ते मोडते आणि क्रिऑन तिला जिवंतपणी थडग्यात कोंडतो. तिच्याशी लग्न ठरलेला क्रिऑनचा मुलगा हेमॉन समजावतो, तो ऐकत नाही. टायरेसियस भाकीत करतो तेही नाटक संपत आल्यावर.

तेव्हा कुठे क्रिऑन नमतो. कोरस त्याला क्रमही सांगतो : आधी पोरीला बाहेर काढ, मग प्रेताचं बघ. क्रिऑन जातो, पण आधी प्रेताकडे. ते धुतात, जाळतात, वर मातीचा उंचवटा रचतात आणि मगच गुहेकडे वळतात. तिथे अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हेमॉन बापावर तलवार उगारतो, ती चुकते, आणि तो ती स्वतःत खुपसतो. घरी राणी युरिडिसी जीव देते. इतकी माणसं कोणत्या क्रमाने दोन कामं केली यावर गेली. तो उलटा क्रम क्रिऑनवर कोणी लादला नव्हता.

अँटिगनीबद्दल कोरस दोन्ही गोष्टी बोलतो : तू बापाची फेड करते आहेस, आणि तुझ्या स्वतःच्या हट्टी स्वभावाने तुझा घात केला. दोन्हींपैकी एक निवडा, असं तो म्हणत नाही.

भाकीत नेहमी अटळच असतं का?

सोफोक्लिसच्याच 'एजॅक्स'मध्ये अट आहे : योद्धा एजॅक्सवरचा अथेनाचा कोप आजच्या दिवसापुरता आहे, आज एजॅक्स तंबूत राहिला तर वाचेल. निरोप्या पोचतो तेव्हा एजॅक्स नुकताच समुद्रकिनारी गेलेला असतो. 'फिलॉक्टेटिस' (इ. स. पू. ४०९) याहून धाडसी आहे. पायाच्या जखमेमुळे बेटावर टाकून दिलेला फिलॉक्टेटिस आणि त्याचं धनुष्य यांच्याशिवाय ट्रॉय पडणार नाही, असं भाकीत असतं. तरुण निओप्टोलेमस फसवून धनुष्य मिळवतो, मग लाजून परत करतो, आणि शेवटी दिलेल्या शब्दाखातर त्याला ट्रॉयऐवजी घरी न्यायला निघतो. सगळं युद्ध, सगळी ठरलेली कथा एका पोराच्या शरमेपुढे मोडायला आलेली असते. देवपदाला पोचलेला हेराक्लिस प्रकट होतो तेव्हा कुठे गोष्ट मार्गाला लागते.

युरिपिडिसचे लोक देवांवर ढकलून मोकळे होतात का?

तसा प्रयत्न करतात, पण युरिपिडिस त्यांना सुटू देत नाही. 'ट्रोजन स्त्रिया' (इ. स. पू. ४१५) मध्ये नवऱ्याला सोडून ट्रॉयच्या राजपुत्राबरोबर गेलेली हेलन म्हणते की मला प्रेमदेवता ॲफ्रोडायटीने भाग पाडलं. पोरंबाळं गमावलेली म्हातारी हेक्युबा तिला तोडून टाकते : माझा मुलगा देखणा होता, त्याला पाहून तुझं मनच ॲफ्रोडायटी झालं. 'हिपोलिटस'मध्ये ॲफ्रोडायटी सुरुवातीलाच जाहीर करते की आज हिपोलिटस मरणार. तरी त्याच्यावर आळ घेणारी खोटी चिठ्ठी त्याची सावत्र आई फीड्रा स्वतःच लिहिते आणि बाप थीसियस चौकशी न करता मुलाला शाप देतो तो त्याचाच. स्वतःच्या मुलांना मारणाऱ्या मिडीआला तर कोणताच देव ढकलत नाही. आपण काय भयंकर करणार आहोत हे मला कळतंय, पण माझा संताप माझ्या विचारांहून बळकट आहे, असं ती स्वतः म्हणते. इ. स. पू. ४३१च्या स्पर्धेत हे नाटक असलेला युरिपिडिसचा संच तिसरा, म्हणजे शेवटचा आला होता.

देवही नियतीला बांधलेले असतात का?

'प्रोमिथियस'मध्ये तसं म्हटलंय : ठरलेलं देवांचा राजा झ्यूस यालाही चुकवता येत नाही. इतर ठिकाणी नियती आणि झ्यूसची इच्छा एकच असल्यासारखं बोलतात. पक्का सिद्धांत शोधू नये.

'इच्छास्वातंत्र्य' ही कल्पना त्यांच्याकडे होती का?

आज आपण तत्त्वज्ञानात वापरतो तशी नव्हती. तो वाद पुढे स्टोइक मंडळींच्या काळात आकाराला आला. पाचव्या शतकातला अथेनियन विचारायचा : राजीखुशीने केलंस की नाइलाजाने? जाणून की नकळत? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात याची बारीक छाननी केली आणि काही कृत्यं अशी असतात की कशीही जबरदस्ती झाली तरी करू नयेत, असं सांगताना युरिपिडिसच्या एका नायकाची मातृहत्येची कारणं हास्यास्पद ठरवली.

हे आपल्या प्रारब्धासारखंच झालं ना? आणि कर्ण शोकनायक म्हणायचा का?

प्रारब्धात हिशेब लागतो : भोगतो आहे ते कधीतरी मीच केलेलं. ईडिपसच्या मागे असा मागचा जन्म नाही. घराण्याचं पाप खाली उतरतं, पण ते त्याने केलेलं नसतं. म्हणून प्रारब्धाचा चष्मा लावून ही नाटकं वाचली की त्यातली बोच बोथट होते.

कर्णाची तुलना ईडिपसशी करतात, कारण दोघांनाही जन्मताच टाकून दिलं. मला ती जुळत नाही. युद्धाआधी कृष्ण आणि कुंती दोघंही कर्णाला त्याचा जन्म सांगतात. समोर सख्खे भाऊ आहेत हे जाणून तो दुर्योधनाच्या बाजूने उभा राहतो. त्याच्या जवळचा ग्रीक शोधायचा तर तो एस्किलसचा एटिओक्लिस, ईडिपसचा मुलगा. सातव्या वेशीवर आपलाच भाऊ आहे हे कळल्यावर थीब्जच्या बायका त्याला अडवतात, तू जाऊ नकोस म्हणून विनवतात. बापाचा शाप खरा होतोय हे तो ओळखतो आणि चिलखत चढवून जातो.

शोकनायक पुरुषच असतो का? आणि शेवट मृत्यूनेच होतो का?

दोन्हींचं उत्तर नाही. क्लायटेम्नेस्ट्रा, अँटिगनी, मिडीआ, फीड्रा, हेक्युबा यांच्याशिवाय या नाटकांत काय उरेल? त्यांच्या भूमिका मुखवटे घालून पुरुषच करत, ही गोष्ट वेगळी. आणि 'ओरेस्टिया' निर्दोष मुक्ततेने आणि मिरवणुकीने संपते, 'फिलॉक्टेटिस'चा नायक बरा व्हायला निघतो.

वाचायला सुरुवात कुठून करू? मराठीत काही आहे का?

पु. ल. देशपांडे यांनी ईडिपसचं नाटक 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणलंय, आणि ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी. पण काव्यशास्त्र आधी वाचू नका. आधी ईडिपस, शक्यतो एका बैठकीत आणि मोठ्याने. योकास्टा गप्प होते तिथे थांबून मागचं पान पुन्हा पाहा. मग 'अँटिगनी'. ही दोन आणि 'कोलोनस' एका त्रयीचे भाग नाहीत हे लक्षात असू द्या. 'अँटिगनी' कथेत शेवटी येते, पण ती ईडिपसच्या आधी, इ. स. पू. ४४१च्या सुमारास लिहिली गेली, आणि दोन्हींतला क्रिऑन एकच माणूस समजून वाचलं तर गोंधळ होतो. 'ओरेस्टिया'ला वेळ काढून बसा, कारण पहिल्या नाटकातली कोरसची गाणी अवघड आहेत आणि औलिसचा सगळा प्रसंग त्यांतच आहे. इंग्रजीत वाचणार असाल तर एकाच नाटकाची दोन भाषांतरं शेजारी ठेवा, विशेषतः कोरस जोखडाबद्दल बोलतो त्या ओळींसाठी.